क्वांटम डॉटमधला स्पिन प्रकाशाने मोजायचा तर

नांदेडच्या एका एमएस्सीच्या विद्यार्थ्याचा प्रश्न: कॅडमियम सेलेनाइडचे क्वांटम डॉट्स (अर्धवाहकाचे काही नॅनोमीटरचे कण) विभागातच बनवलेत, पीएल (फोटोल्युमिनेसन्स, म्हणजे उत्तेजित केल्यावर निघणारा प्रकाश) मोजणारा स्पेक्ट्रोमीटर आहे. पुढे क्वार्टर-वेव्ह प्लेट आणि पोलरायझर (मिळून प्रकाशाचं वर्तुळाकार ध्रुवीकरण ओळखणारी जोडी) लावला की इलेक्ट्रॉनचा स्पिन (वर किंवा खाली अशी त्याची चुंबकीय दिशा) मोजता येईल का?

तेवढ्यावर नाही. आधी स्पिन एका बाजूला वळवावा लागतो, त्यासाठी उत्तेजित करणारा लेसरच वर्तुळाकार ध्रुवित हवा. साध्या यूव्ही दिव्याखाली वरचे-खालचे स्पिन निम्मे-निम्मे राहतात. शिवाय पीएलमध्ये ज्याचा स्पिन विचारायचा तो इलेक्ट्रॉनच होलशी (इलेक्ट्रॉनने सोडलेल्या रिकाम्या जागेशी) जुळून संपतो. कणसात दाणा भरला का ते चावून बघण्यासारखं: कळतं, पण दाणा गेला.

म्हणून केर रोटेशन. प्रोब, म्हणजे मोजणारा, लेसर शोषणरेषेपासून जरा बाजूला ठेवायचा. शोषण नगण्य, पण परावर्तित प्रकाशाची ध्रुवीकरण-दिशा स्पिननुसार किंचित फिरते. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराला भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड ऑशलॉम यांच्या गटाने 2006 मध्ये गॅलियम आर्सेनाइडच्या डॉटमधला एकच इलेक्ट्रॉन असा वाचला, 10 केल्विनला. कोन मायक्रोरेडियनमध्ये होता.

आता हिशेब करा. वोलास्टन प्रिझमने (तो दोन काटकोनी ध्रुवीकरणं वेगळी करतो) किरण दोन फोटोडायोडवर समसमान वाटला आणि कोन 10 मायक्रोरेडियन निघाला, तर दोन्हींतला फरक एकूण प्रकाशाच्या 1 लाखात 2 भाग. दोन्ही डायोड मिळून 1 व्होल्ट देत असतील तर तुम्हाला शोधायचेत 20 मायक्रोव्होल्ट. लॉक-इन (ठरावीक वारंवारतेचाच सिग्नल वेचणारा अँप्लिफायर) नसेल तर नाद सोडा. त्यात आपल्याकडचा मे महिना! एसी चालू-बंद होतो, व्होल्टेज खालीवर होतं, दोन डायोडांचा बॅलन्स सरकत राहतो. मोजमाप पहाटे लावा.

तुमच्यासाठी चांगली गोष्ट अशी की रासायनिक पद्धतीने बनवलेल्या कॅडमियम सेलेनाइड डॉट्समध्ये खोलीच्या तापमानालाही फॅरडे रोटेशन (केरसारखंच, पण आरपार गेलेल्या प्रकाशात) 1999 मध्येच दिसलंय. पण ते नॅनोसेकंदांत विरतं, त्यामुळे पल्स लेसरची पंप-प्रोब मांडणी (पंप पल्स स्पिन वळवते, प्रोब पल्स क्षणभराने मोजते) लागते. पंपाचं ध्रुवीकरण डावं-उजवं केल्यावर सिग्नलचं चिन्ह उलटलं पाहिजे. उलटलं नाही, तर तो बहुधा स्पिन नसून काचेतला ताण किंवा बीमस्प्लिटरची करामत.

पल्स लेसर मिळणार नसेल तर प्रोजेक्ट छोटा करा, असं माझं स्पष्ट मत. फ्लिंट काचेचा ठोकळा सोलेनॉइडमध्ये ठेवा, कॉइलला एसी द्या आणि त्याच वारंवारतेवर लॉक-इनने फॅरडे रोटेशन मोजा. डिटेक्शनची बाजू तीच. फक्त एक करा: किरण पुठ्ठ्याने अडवून बघा. तरीही आकडा येत असेल, तर तो कॉइलचा पिकअप, म्हणजे कॉइलमुळे थेट वायरींत शिरलेला सिग्नल, आहे. वायरी आधी शील्ड करा.