मोतीबिंदूसाठी ठेव मोडावी का?

प्रश्न : आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. यजमान ६३ वर्षांचे, हळदीच्या अडतीत दिवाणजी होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मिरजेच्या खासगी हॉस्पिटलने एका डोळ्याचे साध्या लेन्सला ४२,००० आणि मल्टिफोकलला (लांबचं-जवळचं दोन्ही दिसणाऱ्या लेन्सला) ८५,००० रुपये सांगितले. सकाळी जाऊन दुपारी घरी. आमची २ लाखांची दोन वर्षांची ठेव आहे, ७ टक्क्यांची, संपायला चार महिने उरलेत. दोघांची मिळून ३ लाखांची आरोग्य संजीवनी ही आरोग्य विम्याची पॉलिसी चार वर्षं चालू आहे, पण हे हॉस्पिटल कॅशलेसमध्ये नाही, म्हणजे बिल आधी आपणच भरायचं. मुलगा म्हणतो, क्लेम केला की हप्ता वाढतो. ठेव मोडा आणि दोन्ही डोळ्यांना भारी लेन्स बसवा. काय करावं?

उत्तर : ताई, ठेव मोडू नका आणि क्लेम सोडू नका. मुलगा काळजीपोटीच सांगतोय, पण हप्त्याबद्दल त्याचा गैरसमज झालाय. तुम्ही क्लेम केलात म्हणून कंपनी फक्त तुमचा हप्ता वाढवू शकत नाही. हप्ता वयाप्रमाणे वाढतो, तो क्लेम न करताही वाढेल. शिवाय जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी विमा नियामकाशी बोलावं लागतं. क्लेम केल्यावर कमी होतो तो बोनस. चार वर्षं क्लेम नसेल तर तुमचं संरक्षण २० टक्क्यांनी वाढलेलं असेल, त्यातले ५ टक्के जातील. एवढंच.

या पॉलिसीत मोतीबिंदूला २४ महिने थांबावं लागतं, ते तुमचे कधीच होऊन गेले. एका डोळ्याला विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यातलं जे कमी असेल ते मिळतं. तुमच्या बाबतीत ४०,०००. त्यातले ५ टक्के आपण सोसायचे, म्हणजे हातात ३८,०००. साधी लेन्स घेतलीत तर खिशातून एका डोळ्याला ४,००० जातील. मल्टिफोकलला, कंपनीने पूर्ण ४०,००० धरले तरी, ४७,०००. दोन्ही डोळ्यांचा फरक ८६,००० रुपयांचा. दोन लाखांच्या शिल्लकीतून एवढी रक्कम केवळ चष्मा टळावा म्हणून काढावी, हे मला पटत नाही. साध्या लेन्सनेही लांबचं स्वच्छ दिसतं, वाचायला चष्मा लागतो. यजमानांनी जन्मभर चष्मा लावूनच खतावण्या लिहिल्या असतील. मल्टिफोकलमध्ये काहींना रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात. ते संध्याकाळनंतर सांगली-मिरज रस्त्याने गाडी चालवत असतील तर हे डॉक्टरांना आधीच सांगा. डोळ्याच्या दृष्टीने वेगळी लेन्स गरजेचीच आहे असं डॉक्टर म्हणाले तर गोष्ट निराळी.

आता आधी भरायच्या ४२,००० चं. वीस महिने झालेली ठेव मोडलीत आणि बँकेने व्याजात एक टक्का कापला, तर साधारण ३,३०० रुपये गेले. त्यापेक्षा त्याच बँकेत ठेवतारण कर्ज काढा. ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त पडतं. ९ टक्के धरले तर दोन महिन्यांचं व्याज ६३० रुपये होतं, आणि ठेवीवरचं व्याज चालूच राहतं. हॉस्पिटलच्या काउंटरवर ईएमआयचा फॉर्म पुढे केला तर त्यावर सही करू नका.

खरी मेहनत कागदांची आहे, कारण पैसे नंतर मिळणार आहेत. ऑपरेशनच्या निदान ४८ तास आधी कंपनीला कळवा आणि क्लेमचा नंबर लिहून ठेवा. हॉस्पिटलकडून लेखी अंदाजपत्रक घ्या; त्यात लेन्सचं नाव, भूल, थेंब, तपासण्या सगळं वेगवेगळं हवं. ‘पॅकेज ४२,०००’ एवढ्या एका ओळीच्या बिलावर कंपन्या खुलासा मागणारी पत्रं पाठवत बसतात. डोळ्यांचं हॉस्पिटल लहान असतं, खाटा कमी असतात, त्यामुळे क्लेम अडेल असं वाटेल. त्याच दिवशी घरी सोडणाऱ्या डे केअर सेंटरला पॉलिसीत खाटांची अट नाही, पण नोंदणी लागते. म्हणून महापालिकेच्या नोंदणी प्रमाणपत्राची झेरॉक्स मागून घ्या.

लेन्सच्या डब्यावर एक छोटा स्टिकर असतो, त्यावर पॉवर आणि सीरियल नंबर छापलेला असतो. तो डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घेतल्याशिवाय हॉस्पिटलमधून निघू नका. गडबडीत नेमका तोच राहतो. मूळ बिल, पावत्या, लेन्सची पॉवर मोजल्याचा रिपोर्ट, सगळं डिस्चार्जपासून ३० दिवसांत पोचलं पाहिजे. आधीच्या ३० दिवसांतल्या तपासण्या आणि नंतरच्या ६० दिवसांतली औषधं यांच्याही पावत्या जपून ठेवा. काळ्या गॉगलचे पैसे मात्र मिळणार नाहीत.

दोन्ही डोळ्यांचा ॲडव्हान्स एकदम भरू नका. रक्तातली साखर वाढलेली निघाली तर तारीख पुढे जाते, आणि भरलेले पैसे अडकून पडतात. डॉक्टरांची हरकत नसेल तर पहिल्या डोळ्याचे पैसे कंपनीकडून खात्यात आले की मगच दुसऱ्याची तारीख घ्या. तोवर ठेवही पिकायला आलेली असेल.