मुलाला आधी आईबाबांचा लळा लागू दे

प्रिय,

दत्तक कुटुंबांसोबत काम सुरू करते आहेस, तर पहिली गोष्ट: मुलाला एकटं आत घेऊन बसू नकोस. तशानं ते तुझ्यावर जीव टाकायला लागतं आणि आई बाहेर बाकावर बसून राहते. जोडायचंय त्या दोघांना.

त्यासाठीची थेराप्ले ही खेळातून पालक-मुलाचं नातं जोडणारी पद्धत 1960च्या दशकाच्या अखेरीस शिकागोत सुरू झाली. तिच्या बाजू चार: चौकट, गुंतवणं, माया आणि झेपेल इतकं आव्हान. आधी आई-मुलाला सोप्या कृती देऊन नुसतं बघ. आपल्याकडचे पालक खेळताखेळता परीक्षाच घेतात: "रंग कोणता? सांग बघू!" तिथे मूल नजर चोरतं का, ते टिप.

मग तीसेक मिनिटांचा खेळ, दर वेळी त्याच क्रमानं. आई मुलाच्या हातावरचे तीळ, ओरखडे मोजते, ओरखड्याच्या कडेनं लोशन लावते. पुष्कळदा मूल मूठ आवळतं आणि आईचा चेहरा पडतो. मूठ उघडायला लावायची नाही. मुठीवरच एक ठिपका लावायचा, "नको वाटतंय ना, बरं," म्हणायचं. हात मागे घेतला, तर थांबायचं. मारहाण सोसलेल्या मुलाशी स्पर्शानं सुरुवातच नको. कापसाचा बोळा फुंकून एकमेकांकडे ढकलू देत. शेवटी आईच्या हातून खाऊ आणि रोजचंच गाणं. गुदगुल्या मात्र अजिबात नकोत. मूल हसतं, पण अंगावरचा ताबा जातो.

खरं काम घरी आहे. सुरुवातीचे काही आठवडे भरवणं, न्हाऊ घालणं, झोपवणं आईबाबांनीच करावं. आजीनं खाऊ आईच्या हातात द्यावा, आईनं मुलाला. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत मूल दिसेल त्याच्या कडेवर गेलं की नातेवाईक म्हणतात, "किती माणसाळलंय!" तू मात्र सावध हो: कुणाकडेही जाणं म्हणजे लळा नव्हे. मूल आधी जिथे राहिलं त्या संस्थेतून पाणी, झोप, शू यांसाठीचे त्याचे शब्द विचारून घे. सोलापुरात घरची बोली तेलुगू किंवा कन्नड असली तर हे फारच लागतं. सोबत आलेलं पांघरूण धुवायची घाई नको, त्या वासावर मूल झोपतं. उशीखाली कडक भाकरीचे तुकडे सापडले, तर रागवू नये. त्याच्या हाताला येईल असा खाऊचा डबा कायम भरलेला ठेवावा.

रडून थकेपर्यंत घट्ट धरून ठेवण्याला कुणी उपचार म्हटलं, तर साफ नकार दे. 2000 साली कोलोरॅडोत 'पुनर्जन्म' नावाच्या असल्याच प्रकारात दहा वर्षांची दत्तक मुलगी गुदमरून गेली.

दत्तक देणाऱ्या संस्थेचा पाठपुरावा दर सहा महिन्यांनी, दोन वर्षं चालतो. त्या अहवालाच्या धास्तीनं पालक अडचणी झाकतात, म्हणून तुझं काम त्याहून वेगळं आहे हे पहिल्याच भेटीत सांग. आणखी एक आधीच सांगून ठेव: जवळीक वाढू लागली की काही मुलं घरात जास्त आदळआपट करतात, आणि नेमकं तेव्हाच पालक येणं बंद करतात. त्या आठवड्यात फोन तू कर.