42 मुलांची मेस: खाडा, पळी आणि उरलेला भात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वसतिगृहात 42 मुलं, मेस मुलंच चालवतात, आचारी एक, पोळ्यांना दोन मावशी. महिन्याचं बिल चढत चाललंय, रोज रात्री पातेलंभर भात आणि पन्नासेक पोळ्या उरतात, आणि तरी साडेनऊला मुलं वडापावच्या गाडीवर. आचारी बदलावा, की ताटात टाकणाऱ्याला दंड लावावा?

दोन्ही नको. आधी तुमचा खाड्याचा, म्हणजे जेवणार नाही हे आधी सांगून त्या जेवणाचे पैसे वाचवण्याचा, नियम काढून बघा. "सलग तीन दिवस नसेल तरच खाडा" असाच असणार. एका रात्रीपुरता मित्राकडे जेवणारा मुलगा मग कशाला सांगेल? सांगून त्याला एक रुपया सुटत नाही. आचारी पटावरच्या 42 जणांचं रांधतो आणि पंगतीला बसतात 34. माणशी 75 ग्रॅम तांदूळ धरला तर 42 जणांना 3 किलो 150 ग्रॅम लागतो, 34 जणांना 2 किलो 550. फरक 600 ग्रॅमचा, शिजल्यावर दीड किलोच्या वर भात. पोळ्या माणशी चार धरून 168 लाटल्या. 34 जणांनी सरासरी साडेतीन खाल्ल्या म्हणजे 119. उरल्या 49. तुमच्या पन्नासेक पोळ्या या अशा.

तेव्हा खाडा एका वेळेचा करा. सकाळच्या जेवणाचा आदल्या रात्री 9 पर्यंत, रात्रीच्या जेवणाचा दुपारी 2 पर्यंत. पण खाड्याला पूर्ण पैसे परत द्यायचे नाहीत, नाहीतर आचाऱ्याच्या पगाराला खड्डा पडतो. बिलाचे दोन भाग करा. पगार, गॅस, भांडी-दुरुस्ती हे सगळ्यांत सारखं वाटायचं. किराणा, भाजी, दूध हे डाएटवर, म्हणजे एकाचं एक जेवण ते एक डाएट. समजण्यापुरते आकडे घेतो: स्थिर खर्च 33,600, म्हणजे माणशी 800. कच्चा माल 75,600 आणि महिन्यात झालेली डाएट 2,100, म्हणजे डाएटला 36 रुपये. 52 वेळा जेवला त्याचं बिल 2,672, 40 वेळा जेवला त्याचं 2,240. हा फरक हातात दिसला की मुलं आपणहून सांगतात.

नोंद व्हॉट्सअॅपवर घेऊ नका. निम्मे जण उत्तर देत नाहीत, आणि न देणारा येणार की नाही यावर रोज वाद. जेवणघराच्या दाराशी 42 खिळ्यांचा फळा लावा, प्रत्येकाचा नंबर घातलेला पत्र्याचा बिल्ला टांगा. बिल्ला उलटा म्हणजे खाडा. दुपारी 2 वाजता मेस सेक्रेटरीने सुलटे बिल्ले मोजून आकडा खडूने आचाऱ्याच्या ओट्यावर लिहायचा. खाडा टाकून जेवायला बसणारे निघतातच; त्यांना डाएटचा दर दुप्पट, पाहुण्यालाही तोच.

आता पातेल्यात उरतं किती आणि ताटात टाकतात किती, हे वेगळं करा. आठ दिवस तीन बादल्या ठेवा: एकीत निवडण-सोलण, दुसरीत पातेल्यातलं उरलेलं, तिसरीत ताटातलं. रोज लटकवायच्या काट्यावर वजन, शेजारी त्या दिवशीची भाजी. दुसरी बादली जड असेल तर दोष मोजणीचा. तिसरी जड असेल तर वाढण्याचा किंवा चवीचा. दुधी-पडवळाच्या दिवशी तिसरी बादली भरते हे आचाऱ्याला तोंडी सांगून पटत नाही, वहीतला आकडा दाखवला की पटतं.

ताटात टाकल्याबद्दल दंड लावला की अन्न बेसिनमध्ये जातं, मग प्लंबरचे पैसे. त्यापेक्षा पळी बदला. मेसमधली वरणाची पळी बहुतेकदा 200 मिलीची असते. 100 मिलीची आणा. पहिल्या वाढीत अर्धी वाटी भाजी, एक पळी वरण, दोन पोळ्या. पुढचं मागेल तेवढं. मात्र दुसऱ्या वाढीला पातेलं खरोखर फिरलं पाहिजे. ते फिरणार नाही अशी शंका आली तर मुलं पहिल्यांदाच ताट भरून घेतात आणि सगळी योजना बारगळते.

पोळ्यांचं दुखणं वेगळंच आहे. मावशी पाचला येतात, साडेसहाला सगळ्या पोळ्या लाटून जातात आणि मुलं आठला जेवतात. गरम पोळ्यांची चवड डब्यात दाबून झाकली की वाफेने खालच्या ओल्या होतात, वरच्या कडा चामट. जुन्या चादरीवर पोळ्या दोन-तीन मिनिटं पसरून वाफ जाऊ द्यायची, मग सुती फडक्यात गुंडाळून डब्यात. किलोभर कणकेच्या 30 पोळ्या होतात. 34 जणांना चार किलो पुरते. त्यातली शेवटच्या किलोची कणीक मळून ठेवा पण लाटू नका. साडेआठला लागली तर त्या दिवशी कामाची पाळी असलेली दोघं मुलं लाटतील, नाही लागली तर फ्रिजमध्ये आणि सकाळी पोळ्या. भाताचंही तसंच: दुसरा कुकर 800 ग्रॅमचा, तांदूळ धुऊन भिजवलेला, पहिल्या पंगतीचा अंदाज बघूनच गॅसवर. भिजलेला तांदूळ पंधरा मिनिटांत होतो. आणि तांदळाचं पोतं बदललं की माप पुन्हा तपासा. जुना तांदूळ जास्त फुलतो, नवा कमी, आणि आचारी डोळ्यांच्या अंदाजाने जुनंच माप घालत राहतो.

मुलं वडापाव का खातात? वरण पातळ असतं म्हणून. 42 जणांना एक किलो तूरडाळ म्हणजे माणशी 24 ग्रॅम, त्यात प्रथिनं जेमतेम 5 ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीत किलोमागे 0.83 ग्रॅम आहे, म्हणजे 65 किलोच्या मुलाला दिवसाला 54 ग्रॅम. दिवसभरात सात पोळ्यांतून साधारण 24, दीडशे ग्रॅम तांदळातून 12, दोन वेळच्या वरणातून 10, झाले 46. तूट आठ ग्रॅमची, तिला प्रोटीन पावडर लागत नाही. एका वेळेला दीड किलो मटकीची उसळ केली की माणशी 7 ग्रॅम भरून निघतात. मटकी आठ तास भिजवून, निथळून, फडक्यात बारा-चौदा तास. उन्हाळ्यात मध्ये एकदा पाणी मारून पुन्हा बांधा, नाहीतर चिकट होऊन वास येतो. उसळीला कंटाळले तर रस्साभाजीत माणशी 15 ग्रॅम सोयावड्या (8 ग्रॅम प्रथिनं) किंवा सकाळी एक अंडं (6 ग्रॅम) किंवा मूठभर फुटाणे. पनीर मेसच्या खर्चात रोज बसत नाही, त्याचा हट्ट फीस्टच्या, म्हणजे खास जेवणाच्या, दिवशी. सोबत ताक आणि लिंबाची फोड असावी, आणि जेवणानंतर लगेच चहा नको. त्याने पालेभाजीतलं लोह अंगी लागत नाही.

तुलनेला शिवभोजन थाळी घ्या. जानेवारी 2020 मध्ये 10 रुपयांत सुरू झाली तेव्हा तिची मापं ठरवून दिली होती: 30 ग्रॅमच्या दोन चपात्या, 100 ग्रॅम भाजी, 100 ग्रॅम वरण, 150 ग्रॅम भात. वीस वर्षांच्या मुलाच्या भुकेला ते कमी आहे, पण माप ग्रॅममध्ये लिहिलेलं आहे हे महत्त्वाचं. तुमच्या भिंतीवर तसा तक्ता नसेल तर आचारी सुट्टीवर गेला की सगळं बदलतं.

उरलेल्याबद्दल जरा कडक बोलतो. पंगतीत फिरलेलं पातेलं पुन्हा वापरात घ्यायचं नाही. फक्त चुलीजवळ झाकून राहिलेलंच. भात सगळ्यात धोक्याचा. तांदळातल्या बॅसिलस सेरियस जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. "सकाळी चांगला परतला होता" हे म्हणूनच कामाचं नाही. पातेल्यात राहिलेला भात मध्यभागी कित्येक तास कोमट असतो. परातीत इंचभर थर, पंख्याखाली गार, दोन तासांच्या आत उथळ डब्यांतून फ्रिजमध्ये, सकाळी वाफ येईपर्यंत फोडणीचा भात, आणि त्यातूनही उरला तर टाका. फ्रिज नसेल किंवा लोडशेडिंग असेल तर भात ठेवूच नका.

घट्ट वरण फ्रिजमध्ये ठेवून सकाळी कणीक मळायला पाण्याऐवजी वापरा, मीठ निम्मं करा, थोडं तिखट-ओवा घालून धपाटे. वाटण लावलेली, ओलं खोबरं घातलेली भाजी मात्र ठेवू नका, आंबते. पोळ्यांचा कुस्करा हाताने करा, मिक्सरमध्ये भुगा होतो आणि फोडणी घातल्यावर लगदा. आठवड्यातून दोनदाच. तिसऱ्यांदा केलात की "शिळ्याची मेस" हे नाव पडतं आणि खाडे वाढतात.

बाहेर द्यायचं झालं तर उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे 2019 चे नियम आहेत. देताना पदार्थ, शिजवल्याची वेळ आणि कधीपर्यंत खायचं हे डब्यावर लिहा. रात्री साडेदहाला कोमट भात कुणाला देणं म्हणजे दान नव्हे.

पहिली बादली, निवडण-सोलणाची, शेवटी, कारण तिथे थोडकंच वाचतं. शनिवारी तीन दिवसांची मेथी आणू नका, सोमवारी निम्मी पिवळी. कोथिंबिरीचे देठ वाटणात, कोबीचा दांडा किसून पिठल्यात. कांदा आणि बटाटा एका कोपऱ्यात नको. साली गांडूळखताच्या टाकीत चालतात; तेलकट भात-भाजी टाकलीत तर उंदीर येतील.