दसऱ्याचा मुहूर्त आणि पावसाळ्यातले हप्ते

प्रश्न : मी सांगलीत राहतो आणि अकरा वर्षे लग्नाचे फोटो काढतो. २०१९ मध्ये घेतलेला निकॉन झेड ६ आणि त्याआधीचा डी ७५० असे दोन कॅमेरे आहेत. झेड ६ चा शटर काउंट (आजवर काढलेल्या फोटोंचा आकडा) १,७२,००० झाला आहे. दुकानदार झेड ६ थ्रीची बॉडी (लेन्सविना कॅमेरा) २,२०,००० रुपयांना देतो आहे. ४०,००० आधी भरायचे, उरलेल्या १,८०,००० वर ९ टक्के व्याज, ८,८५० रुपयांचे २४ हप्ते. जुना झेड ६ दिल्यास ५०,००० कमी करतो. वर्षाला २४ लग्ने होतात, एका लग्नामागे सगळा खर्च जाऊन २१,००० उरतात, लहानसहान कामांचे वर्षाला ७६,००० मिळतात. घरखर्च महिना ३२,०००, आरोग्य विम्याचा हप्ता वर्षाला २२,०००, मुलीसाठी म्युच्युअल फंडात महिना ५,००० जातात आणि तिथे आज ३,१०,००० जमा आहेत. बँकेत १,६५,००० आहेत, त्यात पुढच्या लग्नांचे ॲडव्हान्स ७०,००० आहेत. घरात कमावणारा मी एकटाच. दोन यजमानांनी सावकाश चालणारे (स्लो मोशन) चित्रीकरण मागितले. झेड ६ थ्री कोल्हापुरात दिवसाला २,५०० रुपये भाड्याने मिळतो. डी ७५० आणि त्यावरच्या लेन्सला एक मित्र ३०,००० देऊ म्हणतो. कॅमेरा दसऱ्याला घ्यावा का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपण हिशेब इतका मोकळेपणाने आणि नेमका दिला आहे की माझे काम निम्मे झाले. आधी निष्कर्ष सांगतो : हा कॅमेरा आपल्या व्यवसायाला परवडतो, मात्र त्याच्यासोबत येणारा हप्ता आपल्या घराला परवडत नाही.

कॅमेऱ्याचा खर्च पाच वर्षांवर पसरून पाहू. बॉडीचे २,२०,०००, दुकानदाराच्या कर्जाचे व्याज ३२,४००, नवी मेमरी कार्डे आणि साठवणीची डिस्क यांचे माझ्या अंदाजाने २०,०००, असे एकूण २,७२,४०० होतात. पाच वर्षांनी बॉडी विकून ७०,००० आले असे धरले तर उरलेले २,०२,४०० पाच वर्षांत विभागून वर्षाला सुमारे ४०,५०० रुपये पडतात, म्हणजे एका लग्नामागे १,७०० रुपयांच्या आत. वर्षाला दोन लग्ने जास्त मिळाली किंवा प्रत्येक यजमानाकडून दोन हजार वाढवून घेता आले, तरी कॅमेरा आपला खर्च स्वतः भागवतो. अकरा वर्षे टिकलेल्या व्यवसायाला हा भार जड नाही, आणि म्हणूनच "छंदापायी पैसे घालवू नका" असा ठरावीक सल्ला मी आपल्याला देणार नाही.

आता हप्ता पाहू. आपले वर्षाचे निव्वळ उत्पन्न ५,८०,००० आहे. त्यातून घरखर्चाचे ३,८४,०००, विम्याचे २२,००० आणि फंडाचे ६०,००० गेले की १,१४,००० उरतात. वर्षभराचे हप्ते १,०६,२०० होतात. शिल्लक राहते ७,८००. एवढ्यावर वर्ष काढता येईलही, पण हे गणित उत्पन्न बारा महिने सारखे येते असे गृहीत धरते आणि लग्नाच्या छायाचित्रकाराचे उत्पन्न तसे कधीच येत नाही. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो आणि तुळशीचे लग्न लागेपर्यंत माणसांची लग्ने थांबतात; मधल्या काळात बारशी, डोहाळजेवणे आणि गणपतीतली किरकोळ कामे यांवर भागवावे लागते. जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांत आपल्या हाती सुमारे ६०,००० येतात असे मी आपल्या आकड्यांवरून धरतो. त्याच चार महिन्यांत घरखर्च आणि फंड मिळून १,४८,००० लागतात, म्हणजे ८८,००० ची तूट आजही पडते आणि ती आपण उन्हाळ्यातल्या लग्नांच्या शिलकीतून भरून काढता. त्यात हप्त्यांचे ३५,४०० मिळवले की तूट १,२३,४०० वर जाते. वित्त कंपनीला चातुर्मास नसतो, तिचा हप्ता श्रावणातही पाच तारखेलाच खात्यातून वळता होतो आणि खात्यात पैसे नसले तर बँकेचा दंड वेगळा.

ही तूट बँकेतल्या १,६५,००० मधून भागेल असे आपल्याला वाटत असेल, तर तिथे मला आपल्याला थांबवावे लागेल. त्यातले ७०,००० अजून न लागलेल्या लग्नांचे आहेत. एखादे लग्न मोडले किंवा पुढे गेले तर ती रक्कम परत मागितली जाऊ शकते, आणि तसे झाले नाही तरी ऐन हंगामात मदतनीसाची मजुरी आणि अल्बमचा खर्च त्यातूनच करायचा असतो. आपले स्वतःचे पैसे ९५,००० आहेत, म्हणजे जेमतेम तीन महिन्यांचा घरखर्च. एकट्याच्या कमाईवर चालणाऱ्या घरात तीन महिने ही मी किमान पातळी मानतो. दसऱ्याला ४०,००० भरले की ती मोडली. (ॲडव्हान्ससाठी वेगळे बचत खाते उघडावे असे मी हंगामी व्यवसाय करणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. आचारी, मंडपवाले, बँडवाले ऐकून घेतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच विचारायला येतात.)

दुकानदाराच्या ९ टक्क्यांविषयीही सांगायला हवे. हे व्याज दोन्ही वर्षे पूर्ण १,८०,००० वर लावलेले आहे, प्रत्यक्षात मात्र आपण दर महिन्याला मुद्दल फेडत असता. घटत्या शिलकीवर मोजले तर याच कर्जाचा दर सुमारे साडेसोळा टक्के पडतो. उद्या त्याच दुकानात क्रेडिट कार्डावर "विनाव्याज हप्ता" दाखवला गेला, तर रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच शून्य टक्के व्याज असे काही नसते ही भूमिका घेतली होती हे लक्षात ठेवावे. तिथे व्याज सवलतीच्या रूपाने आधी वळते केलेले असते, आणि त्या व्याजावरचा जीएसटी व प्रक्रिया शुल्क बहुतेक वेळा ग्राहकाच्याच माथी येते.

करबचतीचा मुद्दा आपण लिहिला नाही, पण दुकानात तो निघेल. आपली उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने आपण जीएसटीत नोंदणी केली नसावी, असे धरतो. तसे असेल तर किमतीत धरलेला १८ टक्के कर, म्हणजे सुमारे ३३,५०० रुपये, आपल्याला परत मिळणार नाही. शिवाय उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांइतके उत्पन्न गृहीत धरणाऱ्या पद्धतीने आपण विवरण भरत असाल, तर घसारा त्यातच धरलेला असतो आणि नव्या यंत्राची वेगळी वजावट मिळत नाही. करासाठी हा कॅमेरा घेण्याचे कारण उरत नाही.

मग थांबावे का? थांबण्यालाही किंमत आहे, आणि ती मी कमी लेखत नाही. २०१८ मध्ये बाजारात आलेल्या झेड ६ मध्ये मेमरी कार्डाचा एकच स्लॉट आहे, म्हणजे फोटोची दुसरी प्रत त्याच वेळी दुसऱ्या कार्डावर पडत नाही. अंतरपाट दुसऱ्यांदा धरता येत नाही आणि मंगलाष्टके संपल्यावर पडलेल्या अक्षता वेचून पुन्हा टाकता येत नाहीत. त्या क्षणी एकुलते कार्ड बिघडले तर नुकसान एका लग्नाच्या पैशांपुरते राहत नाही, सांगली-मिरजेत अकरा वर्षे कमावलेले नाव त्यात जाते. २०२० च्या झेड ६ टूमध्ये आणि २०२४ च्या झेड ६ थ्रीमध्ये दोन स्लॉट आहेत. माझ्या मते बॉडी बदलण्याचे आपले सर्वांत भक्कम कारण हेच आहे, आणि गंमत अशी की आपल्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. आपण भर दिला आहे तो शटर काउंटवर. कंपनीने या कॅमेऱ्याचे शटर दोन लाख वेळा उघडझाप करून तपासले आहे, पण तो आकडा म्हणजे औषधाच्या बाटलीवरची मुदत नव्हे. शटर त्याआधीही जाऊ शकते, त्यानंतरही चालू शकते आणि सेवा केंद्रात बदलूनही मिळते. एका लग्नात दोन हजार क्लिक धरले तरी फाल्गुनापर्यंतच्या तेरा लग्नांनी आपण १,९८,००० च्या आसपास पोहोचाल, म्हणून बदलण्याचा खर्च आत्ताच विचारून ठेवावा, एवढेच.

दोन यजमानांनी सावकाश चालणाऱ्या चित्रीकरणाची मागणी केली, असे आपण लिहिता. सेकंदाला जितक्या जास्त चौकटी (फ्रेम) टिपल्या जातात, तितके चित्रण सावकाश दाखवता येते. झेड ६ वर ४के, म्हणजे बारीक तपशिलाचे, चित्रीकरण सेकंदाला ३० चौकटींपर्यंतच होते, झेड ६ टूवर ६० चौकटी मिळतात पण चित्र कडेने कापले जाते, आणि झेड ६ थ्रीवर त्या चित्र न कापता मिळतात. फरक खरा आहे. प्रश्न असा की चोवीस लग्नांपैकी दोघांनी विचारणे ही मागणी म्हणावी की चौकशी? त्यासाठी जास्त पैसे मोजायला ते तयार होते का, हे आपण लिहिलेले नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे. दसऱ्याला खरेदी करू नये. साडेतीन मुहूर्तांपैकी गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीया अजून पुढे आहेत, आणि आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने पाडवा अधिक सोयीचा आहे, कारण तोवर हिवाळ्यातल्या लग्नांचे पैसे हाती आलेले असतात आणि उन्हाळ्यातली लग्ने समोर असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात तेरा लग्ने झाली तर २,७३,००० मिळतील. चार महिन्यांचा घरखर्च व फंड १,४८,००० आणि विम्याचे २२,००० वजा जाता १,०३,००० उरतील. डी ७५० आणि त्यावरच्या लेन्सला आपले मित्र ३०,००० देण्यास तयार असतील तर तो खरेदीच्या वेळी विकावा, कारण त्यावर आपल्या झेड माउंटच्या (झेड कॅमेऱ्यांच्या जोडणीच्या) लेन्स बसत नाहीत. झेड ६ मात्र ५०,००० च्या मोहाने दुकानदाराला देऊ नये. नव्या बॉडीशेजारी तोच खरा जोडीदार ठरेल. लेन्स त्याच, बॅटऱ्या त्याच, आणि त्याचे एक्सक्यूडी जातीचे मेमरी कार्ड झेड ६ थ्रीमध्येही चालते. हंगामाच्या शिलकीतले १,००,००० आणि हे ३०,००० धरले तर बॉडी व सुटे सामान मिळून २,४०,००० पैकी १,१०,००० कमी पडतील.

ते दुकानातून न घेता म्युच्युअल फंडाच्या युनिट्सवर कर्जमर्यादा मंजूर करून घ्यावी. युनिट्स विकाव्या लागत नाहीत, मुलीसाठीची गुंतवणूक चालू राहते, व्याज वापरलेल्या रकमेवरच लागते आणि मुद्दल आपल्या सवडीने फेडता येते. दर साडेदहा टक्के धरला तर १,१०,००० वर महिन्याला सुमारे ९६० रुपये व्याज होते. श्रावणात ८,८५० भरणे आणि ९६० भरणे यातला फरक मी सांगायला नको. मुद्दल पुढच्या हिवाळ्याच्या शिलकीतून फेडायचे. यात एक धोका आहे : समभाग फंडांवर सामान्यतः मूल्याच्या निम्म्यापर्यंतच कर्ज मिळते, त्यामुळे आपल्या ३,१०,००० चे मूल्य २,२०,००० च्या खाली गेले, म्हणजे बाजार साधारण २९ टक्क्यांनी पडला, तर बँक फरकाची रक्कम तातडीने मागेल. आपले ९५,००० शाबूत असतील तर ती भरता येईल. त्या पैशांना हात लावू नका असे मी वर म्हटले त्याचे हे दुसरे कारण.

पाडव्यापर्यंतचे चार महिने परीक्षेचे समजावेत. नव्या नोंदण्यांना दर दोन हजारांनी वाढवून सांगा आणि सावकाश चित्रीकरण वेगळ्या दराने मांडा. ज्यांना ते हवे असेल त्यांच्या लग्नाला झेड ६ थ्री भाड्याने आणा. कोल्हापुरात दिवसाला २,५०० पडतात असे आपण लिहिले आहे, ते त्या यजमानाच्या बिलात धरावेत. इतर लग्नांत झेड ६ चे कार्ड प्रत्येक विधीनंतर बदलावे, जेवणाच्या पंगती चालू असताना आधीची कार्डे डिस्कवर उतरवून घ्यावीत आणि सप्तपदी होईपर्यंत मदतनीसाच्या हातातला डी ७५० दोन कार्डांवर चालू ठेवावा. तेरापैकी चार-पाच जणांनी वाढीव पैसे दिले तर पाडव्याला निःशंक झेड ६ थ्री घ्यावा. कोणीच दिले नाहीत, तर आपली गरज दुसऱ्या कार्डाची आहे, वेगवान चौकटींची नाही, असे समजून चांगला वापरलेला झेड ६ टू पाहावा. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात तो प्रत्यक्ष हाताळून घेता येतो, आणि लाखाच्या आत मिळाला तर कर्ज काढण्याची वेळच येणार नाही. नवा घ्या किंवा वापरलेला, पक्के बिल घ्यावे. बिलाविना स्वस्त मिळणाऱ्या बाहेरच्या मालावर इथली वॉरंटी मिळत नाही, आणि मंगल कार्यालयाबाहेर गाडीतून पिशवी गेली तर विमा कंपनीही पहिल्यांदा बिलच मागते. तो विमा आपण उतरवलेला दिसत नाही. घराच्या विम्यात धंद्याचे सामान सहसा धरले जात नाही, त्यामुळे छायाचित्रणाच्या साहित्याचा स्वतंत्र विमा घ्यावा आणि तो याच हंगामाच्या आधी घ्यावा.

भाड्याच्या बॉडीची नोंदणी मात्र आजच करा. तुळशीच्या लग्नानंतरच्या दाट तिथींना कोल्हापुरातले बाकीचे छायाचित्रकारही तीच बॉडी मागायला येणार आहेत.