क्षितिज कुणाच्या गळ्यातून जातंय?

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी जाळं ओढायच्या मासेमारीचे, चाळीस फोटो काल दुपारी जेवणं झाल्यावर बघितले. आधी मोबाइलवर, मग जावयाच्या लॅपटॉपवर मोठे करून. फोकस चोख आहे, उजेड चांगला धरलायस आणि बांगडे तर असे चमकतायत की आमच्या हिनं विचारलं, कुठल्या रापणीचे ते विचारा आधी. पण चाळीसपैकी एकतीस फोटोंत समुद्राची रेघ माणसांच्या गळ्यातून गेलीय. मोजले मी. एका फोटोत सात जण दोर धरून उभे आहेत आणि सातांचेही गळे त्या एकाच रेघेनं कापलेत.

नाशिक-साताऱ्याकडच्या फोटोग्राफरला मागे डोंगर असतो, झाडं असतात, त्यात हा दोष लपून जातो. आपल्याला किनाऱ्यावर मागे पट्टीनं आखल्यासारखी रेघ. ती कुठून जाणार हे तू ठरवलं नाहीस तर ती स्वतःच ठरवते.

त्याचा हिशेब सोपा आहे. सपाट जागेवर क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर येतं. तू पाच फुटांची, म्हणजे डोळ्याला लावलेला कॅमेरा वाळूपासून साधारण १.४ मीटरवर. मग समोरच्या प्रत्येक माणसाला ती रेघ त्याच्या पायांपासून १.४ मीटरवरच कापणार, तो तुझ्यापासून तीन मीटरवर असो नाहीतर तीस. साडेपाच फुटी माणसाचा तिथं गळा असतो. एक गुडघा टेकलास की रेघ कमरेपाशी उतरते, खांदे आणि डोकी आभाळात मोकळी होतात. ओढून ठेवलेल्या होडीच्या काठावर चढलीस की रेघ सगळ्यांच्या डोक्यांवरून जाते आणि माणसांमागे नुसती वाळू नि पाणी उरतं. हे तीनच पर्याय आहेत असं नाही, पण निदान या तिन्हींची सवय लाव. कॅमेरा वर करण्याआधी एकदा बसून बघायचं, एकदा चढून बघायचं.

उरलेल्या नऊपैकी सात फोटो बरे आले ते नशिबानं आले असं तुला वाटत असेल. तसं नाही. त्या वेळी तू पुळणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूच्या, वरच्या उंचवट्यावर होतीस आणि रापणकर खाली पाण्याच्या कडेला. ते तुझ्यापेक्षा अर्धा-पाऊण मीटर खाली उभे, म्हणून रेघ तेवढीच वर सरकून त्यांच्या डोक्यांवरून गेली. उतरती पुळण हे आपल्याकडचं फुकटचं स्टूल आहे.

माझा पहिला कॅमेरा यशिकाचा, जुळ्या लेन्सचा. रोलवर बारा फोटो, आणि तो धरायचा पोटाशी, वरून काचेत वाकून बघत. म्हणजे लेन्स कमरेच्या जरा वर. जुन्या फोटोंतली आपली आजोबा-पणजोबा मंडळी एवढी भारदस्त का दिसतात, याचं निम्मं उत्तर त्यात आहे. कॅमेराच खालून बघायचा, त्यांची डोकी आपोआप आभाळात. रशियातल्या रॉडचेंको नावाच्या फोटोग्राफरनं १९२८ च्या सुमारास या बेंबीच्या उंचीवरून बघण्यावर चांगलीच टीका केली होती. सरळ वरून बघा, सरळ खालून बघा, असा त्याचा आग्रह. शहरातल्या उंच इमारतींसाठी त्याचं खरं असेल. आपल्या पुळणीवर मात्र मला बेंबी अजून आवडते.

खालून बघण्याचा अतिरेक मात्र करू नकोस. वाळूवर आडवं पडून काढलेले तुझे बाकीचे दोन फोटो आहेत, त्यांत ते वयस्क रापणकर चौकातल्या पुतळ्यासारखे दिसतायत. मोठ्या नाकपुड्या, वर आभाळ. त्यांना तू विचारलंस तर ते हसतील. दिवसभर दोर ओढून कंबर मोडलेल्या माणसाचा थकवा त्या अँगलमध्ये कुठे दिसणार?

आता अंतर. चाळीसच्या चाळीस फोटो तू सात-आठ मीटरवरून काढलेस. मला हे अंतर ओळखीचं आहे, भिडस्त माणसाचं अंतर आहे ते. कुणाला त्रास नको, कुणी ओरडायला नको. झूम फिरवून जवळ आल्यासारखं वाटतं, पण झूमनं नुसती चौकट लहान होते. माणूस नि त्याच्या मागची वस्तू यांचं एकमेकांशी असलेलं माप फक्त तुझ्या पायांनी बदलतं.

दोर ओढणाऱ्यांची रांग धर. पहिला आणि शेवटचा यांच्यात दहा मीटर. तू पहिल्यापासून एक मीटरवर वाइड, म्हणजे रुंद पट्टा टिपणारी लेन्स घेऊन बसलीस, तर शेवटचा अकरा मीटरवर पडतो, म्हणजे पहिला त्याच्या अकरापट मोठा. एक अक्राळविक्राळ मनगट आणि मागे मुंग्या. तीस मीटर मागे जाऊन टेली, म्हणजे लांबचं मोठं दाखवणारी लेन्स लावलीस तर अंतरं तीस आणि चाळीस, फरक फक्त सव्वापट-दीडपटीच्या मधला. मग सगळे एकमेकांवर रेलल्यासारखे, एकाच जिवानं ओढतायत असे दिसतात. माणसं तीच, दोर तोच. तुला काय सांगायचंय त्यावर कुठे बसायचं ते ठरव. मला विचारशील तर रापणीला दुसरं शोभतं. ते एकट्याचं काम नव्हेच.

वाइड लेन्सनं माझा एकदा चांगलाच पचका केलाय. लग्नातला ग्रुप फोटो, घरापुढचं खळं एवढंसं, तीस माणसं. मी वाइड लावली आणि सगळे बसवले. वरमाय मानानं अगदी कडेला उभी. वाइड लेन्स कडेच्या गोष्टी बाहेर ताणते हे मला पुस्तकात माहीत होतं, त्या दिवशी आठवलं नाही. फोटोत ती बाई दीडपट रुंद. तिनं तो अल्बम हातात घेतला, मिटला आणि परत दिला. पैसे निम्मेच मिळाले. गडगा, म्हणजे दगडी कुंपण, ओलांडून पलीकडच्या माडांत गेलो असतो तर साध्या लेन्समध्ये सगळे मावले असते. तेव्हापासून मी आधी मागे जागा किती आहे ते बघतो.

चेहऱ्याचंही तेच. नाकाच्या शेंड्यापासून कान साधारण बारा सेंटिमीटर मागे. मोबाइल तीस सेंटिमीटरवर धरलास तर नाक तीसवर, कान बेचाळीसवर. नाक कानांच्या मानानं चाळीस टक्के फुगतं. दीड मीटरवर गेलीस तर हाच फरक आठ टक्क्यांवर येतो. म्हणून माणसाचा चेहरा दीड-दोन मीटरवरून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून. बाजारात पाटी पुढ्यात घेऊन बसलेल्या बायकांचे फोटो सगळे उभ्यानं काढतात आणि नुसते पदर नि भांग घेऊन येतात. तिथं उकिडवं बसायचं. आधी म्हावरं घ्यायचं, मग बसायचं, मग बराच वेळ कॅमेरा मांडीवरच ठेवायचा.

आणि हात. चाळीस फोटोंत एकही नुसत्या हातांचा नाही, याचं मला वाईट वाटलं. ओला दोर पिळतो तेव्हा त्यातलं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं आणि तिथून थेंब थेंब गळतं. बोटांच्या पेरांवर घट्टे, त्यात वाळू. यासाठी हातभर अंतरावर जावं लागेल, आणि तिथं जाण्यासाठी आधी दोन वेळा कॅमेऱ्याशिवाय जाऊन दोर ओढावा लागेल. ते नाही म्हणणार नाहीत. मदतीला हात लावणाऱ्याला चार मासे मिळतात, ते वर.

अजून एक. ते आडवं पडून काढलेले दोन सोडले तर तुझ्या फोटोंत सगळ्या पाठीच आहेत. साहजिक आहे, दोर ओढणारा समुद्राकडे तोंड करून मागे रेलतो आणि तू जमिनीकडच्या बाजूला. तोंडं हवी असतील तर पाण्यात शीर, गुडघाभर पुरे, आणि जमिनीकडे बघ. संध्याकाळी ऊन समुद्रावरून येतं, ते थेट त्यांच्या तोंडावर पडतं; शिवाय मागे रेघ नाही, माडांची काळी-हिरवी भिंत आहे. गळे वाचले. फक्त दोन दोरांच्या मधे जाऊ नकोस, मासळी बिथरते. माझ्यावर एकदा ओरडले होते, "रे झिला (मुला), दोराच्या भायर (बाहेर) रव!" तुला "गो चेडवा (मुली)" म्हणतील, एवढाच फरक.

ड्रोनबद्दल विचारलंस. जाळ्याची अर्धचंद्राकृती वरूनच कळते, तेव्हा एक फोटो जरूर काढ. एकच. वरून माणसं ठिपके होतात. उंचीची खरी गरज कुठे असते सांगतो: राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावरचा, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरचा, कातळात खोदलेला हत्ती बघ. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, त्यातला हा फार मोठा, अठरा मीटरच्या आसपास लांब. मी तिथं उभ्यानं कॅमेरा लावला तर नुसत्या विस्कटलेल्या चऱ्या. दीड मीटर उंचीवरून दहा मीटर लांबची मीटरभर रेष पंधरा सेंटिमीटरएवढी चेपून दिसते, मग हत्ती दिसणार कसा? पाच मीटरच्या बांबूला कॅमेरा बांधून टायमर लावला तेव्हा तीच रेष पंचेचाळीसवर आली आणि सोंड कुठली नि पाय कुठला ते कळलं. ऊन कलतं असताना जा, दुपारी चर भरून आल्यासारखे सपाट दिसतात.

येत्या शनिवारी रापण आहे असं ऐकतो. दुपारी चारला पुळणीवर ये. लेन्स दोनच आण, पिशवी भरून आणू नकोस. स्टूल मी आणतो.

तुझा,
काका

ता. क. पाण्यात उतरलीस तर घरी गेल्यावर फडकं गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पीळ आणि त्यानं लेन्सची कडा नि कॅमेऱ्याचा तळ पूस, मग कोरड्यानं. माझ्या एका लेन्सची रिंग खारानं कायमची धरलीय, ती तुला शनिवारी दाखवतो.