प्रार्थनेत डोळा लागतो, म्हणजे माझा विश्वास कमी पडतोय का?

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि सकाळी उठून पुन्हा वाचला. कारखान्यात तीन पाळ्यांचं काम, तरीही रोज पहाटे चारला उठून प्रार्थना करायचा नेम तुम्ही धरलाय. गुडघे टेकले की दहा मिनिटांत डोळा लागतो. मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका वडीलधाऱ्यांनी सांगितलं की हा देहाचा आळस आहे, आत्म्यात बळकट असलेला माणूस झोपेला जिंकतो. आता तुम्ही विचारताय की ख्रिस्ती माणसाच्या आत्मिक जीवनात झोपेला आणि विश्रांतीला काही मोल आहे का, आणि हा नेम चालू ठेवू की सोडू.

मी अहिल्यानगर जिल्ह्यातली, प्रॉटेस्टंट घरातली. ३१ वर्षं नर्स होते आणि त्यातल्या पुष्कळ रात्री वॉर्डात काढल्या. ईश्वरविज्ञान शिकलेली नाही. पण झोपलेली आणि झोपेसाठी तळमळणारी माणसं मी फार जवळून पाहिली आहेत, आणि तुम्ही आज जिथे अडकलाय तिथे मीही अडकले होते. म्हणून आधी उत्तर देते आणि मग कारणं सांगते: रात्रपाळीच्या आठवड्यात चारचा नेम सोडा आणि झोपा. देवासमोर अपराधी न वाटता झोपा.

मी पंचविशीत होते तेव्हाची गोष्ट. मंडळीत उपास-प्रार्थनेचा आठवडा चालू होता आणि साखळी प्रार्थनेत, म्हणजे एकामागून एक पाळीने करायच्या प्रार्थनेत, मी नाव दिलं होतं. दिवसा कशीबशी दोन तास पडायचे, संध्याकाळी प्रार्थनेला जायचे, तिथून ड्यूटीवर. चौथ्या रात्री सात नंबरच्या पेशंटचं इंजेक्शन घेऊन मी नऊ नंबरच्या खाटेपाशी उभी राहिले. तो पेशंट जागा होता. म्हणाला, "सिस्टर, मला आज इंजेक्शन नाही म्हणाले होते डॉक्टर." काही विपरीत घडलं नाही. पण सकाळी पुढच्या पाळीला ड्यूटी सोपवेपर्यंत माझ्या हातांची थरथर थांबली नाही.

आमच्या इन्चार्ज सिस्टर वसईच्या, कॅथलिक. त्यांना मी सगळं सांगून टाकलं. त्या ओरडल्या नाहीत. या चार दिवसांत किती तास झोपलीस, एवढंच विचारलं. मी सांगितल्यावर म्हणाल्या, "अगं, देवाला द्यायचं ते आपल्या पदरचं द्यावं. ही झोप तुझी एकटीची नव्हती, त्या नऊ नंबरवाल्याचीही होती. आता घरी जा, झोप, आणि उठल्यावर एलीयाचं वाच."

मी संध्याकाळी उठले आणि बायबलातल्या १ राजे या पुस्तकाचा अध्याय १९ उघडला, एलीया संदेष्ट्याचा. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण त्या दिवशी पहिल्यांदा वाचल्यासारखी वाटली. कर्मेल डोंगरावर एलीयाने बाल नावाच्या दैवताच्या साडेचारशे संदेष्ट्यांसमोर स्वर्गातून अग्नी उतरलेला पाहिला होता. एवढा मोठा विजय, आणि लगेच ईजबेल राणीची धमकी येते तेव्हा तो जीव घेऊन पळत सुटतो. बैर-शेबाला चाकराला मागे ठेवतो, एकटाच दिवसभराची वाट चालून रानात जातो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, देवा, आता पुरे, माझा प्राण घे. मग तिथेच झोपी जातो.

आता देव काय करतो ते बघा. कर्मेलावर मी तुझ्यासाठी एवढं केलं आणि तू मरण मागतोस, असं तो म्हणत नाही. उठून प्रार्थना कर असंही म्हणत नाही. देवदूत येतो, त्याला हात लावतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. मला सगळ्यात जास्त धीर देणारी जागा हीच. देव त्याला पुन्हा झोपू देतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो तेव्हाही भाकरच पुढे करतो, कारण पुढची वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे. मग तो ४० दिवस आणि ४० रात्री होरेब डोंगरापर्यंत चालतो. "एलीया, तू इथे काय करतोस?" हा देवाचा प्रश्न तिथे पोचल्यावर येतो, आणि देवाची ती शांत, मंद वाणी त्याहूनही नंतर. माझं वाचन असं की झोप आणि भाकर मिळाली नसती तर ती वाणी ऐकायला एलीया होरेबावर पोचलाच नसता.

तुमचे वडीलधारे गेथशेमानेचं उदाहरण देतील, येशूने अटकेच्या रात्री जिथे प्रार्थना केली त्या बागेचं. दिलंही असेल. शिष्य झोपले आणि येशूने त्यांना उठवलं, हे खरंच आहे. पण लूक आपल्या शुभवर्तमानात लिहितो की ते दुःखाने झोपी गेले होते. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेले नातेवाईक असे अचानक झोपतात, हे मी कितीदा पाहिलंय. आणि येशू त्यांना जे म्हणाला त्यात त्यांची बाजूही आहे: आत्मा उत्सुक आहे, पण देह अशक्त आहे. ज्याला देहाची ही ओळख आहे त्याच्यापासून आपण आपला थकवा का लपवायचा?

शिवाय तो स्वतः झोपला होता, आणि तेही वादळात. मार्क सांगतो की नावेच्या मागच्या भागात उशी घेऊन तो झोपला होता. गालील समुद्र म्हणजे डोंगरांमधलं एक मोठं तळं, समुद्रसपाटीच्याही सुमारे २०० मीटर खाली, आणि वारा सुटला की पाणी एकदम खवळतं. १९८६ साली दुष्काळाने तिथलं पाणी ओसरलं तेव्हा गिनोसरजवळच्या चिखलात एक जुनी मासेमारीची नाव सापडली, साधारण येशूच्या काळातली. लांबी आठ मीटरच्या आसपास, रुंदी सव्वादोन-अडीच मीटर. येशूची नाव तीच असं कुणी म्हणत नाही, पण अंदाज येतो. एवढ्याशा नावेत माणसं ओरडतायत, पाणी आत येतंय आणि तो गाढ झोपलाय. दिवसभर लोकांना शिकवून दमला होता, म्हणून झोपला. आणि बाप जागा आहे हे त्याला ठाऊक होतं, असं मी त्यात धरते. त्याच मार्कात, शिष्यांना जेवायलाही सवड मिळेना तेव्हा येशू त्यांना म्हणतो की एकांती चला आणि थोडा विसावा घ्या. प्रभूची ही आज्ञा आम्ही मंडळीत किती वेळा मोठ्याने वाचतो?

रात्रभराची प्रार्थना चुकीची आहे असं मी म्हणत नाही. बारा प्रेषित निवडायच्या आदल्या रात्री येशू रात्रभर प्रार्थनेत होता. घरात कुणी अत्यवस्थ असतं, मोठा निर्णय असतो, तेव्हा मीही जागले आहे. पण त्या रात्रीला काही कारण होतं. रोजची झोप तोडून देवाची मर्जी मिळवायची, हा हिशेब मला शास्त्रात सापडत नाही. नीतिसूत्रांतला आळशी, ज्याला मुंगीकडे पाठवलंय, तो कापणीच्या दिवसांत लोळणारा माणूस आहे. आठ तास मशीनपाशी उभं राहून आलेल्या माणसाला ते वचन लावणं हा त्या वचनावरही अन्याय आहे. पहाटे चारला उठणाऱ्या जॉन वेस्लींचं, मेथडिस्ट पंथाच्या संस्थापकांचं, नावही पुष्कळदा घेतात. ते चारला उठत हे खरं, पण रात्री लवकर झोपत, आणि निरोगी पुरुषाला सहा तासांहून थोडी जास्त झोप लागते हे त्यांनीच प्रवचनात सांगितलंय.

पूर्वीच्या लोकांतही हा वाद होताच. चौथ्या-पाचव्या शतकात मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, वाळवंटात राहणाऱ्या ख्रिस्ती तपस्व्यांपैकी अब्बा आर्सेनियस म्हणत, लढणाऱ्या संन्याशाला तासभर झोप पुरे. त्याच परंपरेतले अब्बा पिमेन. त्यांना काही म्हाताऱ्यांनी विचारलं की उपासनेत डुलक्या घेणाऱ्या बंधूंना आम्ही हलवून जागं करावं का? पिमेन म्हणाले, मला तर असा बंधू दिसला की मी त्याचं डोकं माझ्या मांडीवर घेतो आणि त्याला विसावा देतो. तुमच्या मंडळीला सध्या पिमेनांची गरज जास्त आहे.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठासाठी नियम लिहिले, त्यांत झोपेसाठी वेगळं प्रकरण आहे. थंडीत मध्यरात्र थोडी उलटेपर्यंत झोप होऊ द्या, म्हणजे उठेपर्यंत अन्न पचलेलं असेल. उन्हाळ्यात दुपारच्या जेवणानंतर सगळ्यांनी आपापल्या खाटेवर शांत पडावं, कुणाला वाचायचंच असेल तर दुसऱ्याची झोप न मोडता वाचावं. झोपायच्या खोलीत सकाळपर्यंत एक दिवा जळत असावा. हे वाचताना मला आमच्या वॉर्डातला तो रात्रीचा मिणमिणता दिवा आठवला.

त्या दिव्याखाली बसूनच मला स्तोत्र १२१ उमगलं. इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही, झोपत नाही. लहानपणी हे वचन मला धाकासारखं वाटायचं: तो जागा आहे, मग तूही जागी राहा. वॉर्डात उलटं दिसलं. दोनच्या राऊंडला मी टॉर्च घेऊन निघाले की कुणीतरी अर्धवट डोळे उघडून विचारायचं, "सिस्टर, तुम्ही आहात ना?" मी "आहे" म्हटलं की तो माणूस कूस बदलून पुन्हा झोपायचा. मी जागी राहायचे ती त्यांना झोपता यावं म्हणून. माझ्या सोबतीला कुणी जागं राहून दाखवलं असतं तर मला ते आवडलं नसतं, उलट काळजी वाटली असती.

स्तोत्र १२७ तेच सांगतं. पहाटे उठणं, रात्री उशिरा पडणं, कष्टाची भाकर खाणं व्यर्थ आहे. पुढच्या ओळीचा मूळ हिब्रू अर्थ दोन तऱ्हांनी लावतात: देव आपल्या प्रियजनांना झोप देतो, किंवा ते झोपेत असतानाच त्यांना लागेल ते देतो. मला दोन्ही हवे आहेत.

इन्चार्ज सिस्टरांनी नंतर एकदा लिझ्यूच्या तेरेसाबद्दल सांगितलं. फ्रान्समधली कार्मेलाइट मठवासिनी, १८९७ साली २४व्या वर्षी क्षयाने गेली. प्रार्थनेत तिला वर्षानुवर्षं झोप लागायची. तिने लिहिलंय की याचं मला खरं तर वाईट वाटायला हवं, पण मूल जागं असो की झोपलेलं, आईबापांना ते सारखंच लाडकं असतं. आणि शस्त्रक्रिया करायची तर डॉक्टरही आधी रोग्याला झोपवतात. हे दुसरं वाक्य नर्सच्या मनात घर करून राहणारच.

शब्बाथाबद्दल, म्हणजे आठवड्यातल्या विसाव्याच्या दिवसाबद्दल, थोडं सांगते, कारण आपला रविवारही आपण असाच हरवून बसलोय. बायबलातल्या निर्गम पुस्तकात शब्बाथाचं कारण सृष्टीची निर्मिती हे दिलंय, पण अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात कारण वेगळं आहे: तू मिसरात दास होतास हे आठव. तिथे विटांचा आकडा रोज भरायचा होता आणि पेंढा देणंही तिथल्या राजाने, फारोने, थांबवलं होतं. सुट्टी मागितली तर "तुम्ही आळशी झालात" हेच उत्तर फारोने दिलं होतं. म्हणून कुणी थकलेल्या माणसाला आळशी म्हटलं की मला फारो आठवतो. आज्ञेत दास, दासी, बैल, गाढव, उपरा, सगळ्यांचा विसावा मोजून सांगितलाय. आमच्याकडे मात्र रविवारी सकाळी उपासना, मग संडे स्कूल, मग तरुण संघ, संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना, आणि घरातल्या बाईला मटणाचा स्वयंपाक वेगळाच. हे बदलायला हवं.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. झोपायला वेळ मिळूनही आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, किंवा भरपूर झोपूनही दिवसभर गुंगी राहत असेल, घोरताना श्वास अडकतो असं घरचे म्हणत असतील, किंवा एलीयासारखं "पुरे झालं" वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा. विश्वासात कमी पडल्याची ती खूण नाही. स्तोत्र ७७ लिहिणाऱ्याच्या डोळ्यालाही डोळा लागत नव्हता आणि त्याने ते सरळ देवाला सांगितलं.

आता तुमच्या पाळ्यांचं. रात्रपाळीहून आलात की खिडकीला जाड पडदा लावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि आधी झोपा. प्रार्थना उठल्यावर, चहा झाल्यावर करा. वीस मिनिटं पुरतात, पण जागेपणीची असू द्यात. चालत फिरत केली तरी चालते, गुडघेच टेकायला हवेत असं नाही. झोपताना मात्र एक करा. स्तोत्र ३१ मधलं "मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो" हे वाक्य यहुदी लोक निजताना म्हणत आले आहेत, मठांतल्या रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेतही ते आहे, आणि येशूने ते वधस्तंभावर म्हटलं. ते म्हणा. मग ज्यांची काळजी वाटते त्यांची नावं घ्या. घेता घेता झोप लागली तर लागू द्या.

मला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी रात्री दोनला अजून जाग येते. राऊंडची वेळ. मी खाटांचे नंबर मनात मोजत जाते. बहुतेकदा नऊच्या पुढे जात नाही.