आईच्या डिमेन्शियातला फरक घरी कसा मोजायचा?

डॉक्टर 'काही फरक?' विचारतात आणि सांगता येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. सासूबाईंच्या वेळी मीही दीड वर्ष 'तशा बऱ्या आहेत' एवढंच सांगत होते. 'चहा स्वतः करतात,' असंही ठामपणे सांगायचे.

मग एक दिवस ओट्याशी नुसती उभी राहून पाहिलं. त्यांनी आधण ठेवलं, साखर घातली, पूड घातली, परत साखर घातली आणि फ्रिज उघडून तशाच उभ्या राहिल्या. 'दूध' म्हटल्याबरोबर पुढचं सगळं, अगदी गाळणंसुद्धा, नीट केलं. त्या दिवशी वहीत लिहिलं: 'चहा, एका शब्दाची मदत.' सहा महिन्यांनी लिहिलं: 'चहाला आपणहून उठत नाहीत. सांगितलं तर उठतात, शेजारी थांबावं लागतं.' ही दोन वाक्यं डॉक्टरांच्या फार कामी आली.

तुम्हीही असंच लिहा. आपणहून सुरुवात केली का, क्रम जमला का, काम पुरं झालं का. मदत लागली तर ती शब्दाची, खुणेची की हात धरून. 'जमेल' असं लिहू नका, गेल्या दोन आठवड्यांत खरंच काय केलं तेच लिहा. पैसे, फोन, औषधं, बाजार ही कामं सहसा आधी निसटतात. अंघोळ, कपडे, जेवण नंतर. म्हणून आज दोन्हींची नोंद करून ठेवा.

जे काम आईंनी कधी केलंच नाही, ते 'येत नाही'त धरू नका. बँकेचं सगळं वडीलच बघत असतील तर तो रकाना सोडून द्या. लॉटन आणि ब्रोडी या संशोधकांनी रोजची कामं किती जमतात हे मोजायला 1969 मध्ये केलेल्या आठ कामांच्या यादीतही पुरुषांसाठी स्वयंपाक, घरकाम आणि कपडे धुणं मोजत नसत. आपल्या घरांत हे फार लक्षात ठेवावं लागतं. शक्य असेल तर दर वेळी एकाच माणसाने लिहावं. माझ्या आणि नणंदेच्या नोंदी कधीच जुळल्या नाहीत.

अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात, उतार हळूहळू, महिनोन्महिने होत जातो. दोन-चार दिवसांत एकदम घसरण दिसली तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, लगेच दाखवा. सासूबाईंना दोन दिवसांत साडी नेसताच येईना. लघवीचा संसर्ग निघाला. औषध सुरू झाल्यावर आठवडाभराने त्यांनी पदर आपला आपण खांद्यावर घेतला.